पन्नास दिवसांनी उमटलेली रेष

अकरा वाजायला पाच मिनिटं होती आणि कपड्यांच्या कारखान्यातल्या कटिंग हॉलमध्ये एकही कात्री चालत नव्हती. चाळीस-पन्नास माणसं एका जुन्या कॉम्प्युटरभोवती दाटीवाटीनं उभी होती. शिलाईच्या बायका, इस्त्रीवाला, गेटवरचा वॉचमन, शिवाय शेजारच्या गल्लीतले रिकामटेकडे. सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर माझी ताई बसली होती आणि तिच्या हातात पाण्याची बाटली होती. मी आल्यापासूनची ती तिसरी बाटली.

तिच्या शेजारी ‘सरकार’ उभा, आत्मे उतरवणारा बाबा. खरं नाव कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कोणाची टाप नव्हती.

“मोबाइल बंद. यंत्राला कोणी हात लावायचा नाही. मास्तर वाटेत आहेत,” तो डोळे मिटून म्हणाला. जणू मास्तर स्टँडवर उतरून रिक्षा बघत होते.

मास्तर म्हणजे माझे भावोजी. पंचवीस वर्षं इथले कटिंग मास्तर. टेबलाएवढा एक बोर्ड होता त्यांचा. त्यावर शर्टाच्या तुकड्याचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवायचा, बटणांचा एक ठोकळा त्याच्या कडेकडेनं फिरवायचा, की तीच रेष कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटायची. दोन महिन्यांपूर्वी, एका बाहीचा मुंढा, म्हणजे खांद्याशी जोडायची गोल कड, काढता काढता, भावोजी त्या बोर्डावरच कोसळले आणि गेले.

“बॉयलर,” सरकारनं हुकूम सोडला. “वाफेशिवाय आत्मा उतरत नसतो.”

इस्त्रीवाल्यानं कोपऱ्यातल्या वाफेच्या इस्त्रीच्या बॉयलरचं बटण दाबलं. खट् आवाज झाला. दिवे क्षणभर मंदावले. आणि पडद्यावर, कोणी काही न करता, एक पांढरी रेष निघाली.

ठोकळा खाचेत पडलेला होता. बोर्ड रिकामा होता. मी स्वतः डोळे फाडून बघत होते. रेष सरळ खाली आली, मुंढ्याच्या वळणाशी पोचली आणि थांबली. भावोजी तिथे नेहमी थांबायचे. चष्मा वर सरकवायचे, श्वास घ्यायचे, मग वळण घ्यायचे. रेष तेवढीच थांबली आणि मग हळूच वळली.

मी देवदेवस्की न मानणारी बाई. पण खरं सांगते, मी एक पाऊल मागे सरकले. मागे एक मुलगी मुसमुसून रडायला लागली.

“बघितलंत?” सरकार म्हणाला. “आज सहावा दिवस. उद्या सातवा. उद्या मास्तर वहिनींना सोबत नेणार. सुया टोचून त्यांची वाट अडवू नका.”

सुया म्हणजे ताईची साखरेच्या आजाराची, इन्सुलिनची इंजेक्शनं. सहा दिवसांत तिनं एकही घेतलं नव्हतं. सुपरवायझर बाईंनी काल डॉक्टर घरी नेला, तर तिनं दार उघडलं नाही. डॉक्टर म्हणाला, अजून एखादा दिवस असंच चाललं तर ही बेशुद्ध पडेल आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही. म्हणून बाईंनी मला फोन केला आणि मी सकाळी धावत आले. सरकारची भविष्यवाणी खरी ठरायला आत्म्याची गरजच नव्हती. साखर ते काम चोख करणार होती.

मी ताईजवळ वाकले. तिच्या श्वासाला कुजक्या फळांसारखा वास येत होता.

“ताई, चल ना दवाखान्यात.”

“त्यांनी बोलावलंय गं मला. तू ओळखलीस ना रेष? खोटं बोलू नकोस.”

“ओळखली.”

“मग झालं तर.”

मी सुपरवायझर बाईंना बाजूला घेतलं.

“हे पहिल्यांदा कधी दिसलं?”

“मास्तर गेल्याला बरोबर पन्नास दिवस झाले त्या सकाळी. बॉयलर लावला आणि दिसलं. इस्त्रीवाल्यानंच सरकारांना जाऊन सांगितलं.”

“आणि भावोजी गेले त्या दिवसापासून कॉम्प्युटर?”

“चालूच आहे. मास्तर रोज संध्याकाळी बंद करायचे. पण त्या दिवशी तो तसाच राहिला आणि नंतर बंद करायला कोणाचा हात धजला नाही. बोर्डालाही कोणी शिवलं नाही.”

पन्नास दिवस. तो आकडा माझ्या ओळखीचा होता. आता भीती भुताची नव्हती.

माझा धंदा सांगते. मी जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर लिहिते. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाषा. हा बोर्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तो बोर्डाला ओळखेना. मग अकरा वर्षांपूर्वी भावोजींनी मला गळ घातली आणि मी त्यांना ड्रायव्हर लिहून दिला. म्हणजे या रेषेच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये जे काही होतं, ते माझ्याच हातचं होतं.

कॉम्प्युटर सुरू झाला की त्याच्या आत सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं एक घड्याळ चालू होतं. त्याचे आकडे एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांनी संपतात आणि ते पुन्हा शून्यावर येतं. गेले त्या दिवशी भावोजींनी कॉम्प्युटर सकाळी आठला लावला होता. म्हणजे पन्नासाव्या पहाटे घड्याळ शून्यावर आलं. माझा ड्रायव्हर शेवटच्या काही रेषा वेळेसकट सांभाळून ठेवतो. घड्याळ मागे गेल्यावर त्याला त्या जुन्या रेषांच्या वेळा पुढच्या वाटू लागल्या असणार, म्हणजे जुनी रेष नवी वाटली असणार. आणि बॉयलरच्या धक्क्यानं वायरीत खरखर झाली की तो जागा होऊन ती पुन्हा काढत असणार. वेळेसकट, थांबण्यासकट.

पण हे मनातलं गणित होतं. ताईला गणित नको होतं.

मी आधी ती रेष मोठ्या कागदावर छापून घेतली आणि गुंडाळी ताईच्या मांडीवर ठेवली. “ही तुझी. आता मी यंत्र बंद करणार आहे.”

“बंद कराल तर वहिनी बसल्या जागी जातील,” सरकार म्हणाला. “पाप तुमच्या माथी.”

ताईनं माझं मनगट धरलं. तिचा हात कोरडा, गरम होता. तिच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच दिसलं की तिलाही मरायचं नव्हतं. ती घाबरली होती.

मीही घाबरले होते. हे सगळं कळूनसुद्धा बोट बटणावर ठेवून मी आधी ताईकडे बघितलं. वाटलं, नेमकं आत्ताच तिला काही झालं तर? मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. पन्नास माणसं ताईकडे बघत होती. ताईनं बाटली उघडली आणि ती पाणी प्यायली.

“आत्मा जरा दयाळू दिसतोय,” वॉचमन पुटपुटला.

मी कॉम्प्युटर पुन्हा लावला आणि ड्रायव्हरला खोटं सांगितलं की घड्याळ भरून शून्यावर यायला फक्त दहा मिनिटं उरलीत. मग ताईला बोर्डाजवळ नेलं, तिचा डावा पंजा बोर्डावर ठेवला, उजव्या हातात ठोकळा दिला. “काढ.” तिनं प्रत्येक बोटाच्या कडेनं ठोकळा फिरवला. अंगठीपाशी ती थांबली, मग पुढे गेली. ठोकळा मी खाचेत ठेवला आणि पडदा पुसून कोरा केला.

“बॉयलर लावा.”

खट्. काही उमटलं नाही.

“पाहिलंत? मास्तर रुसले,” सरकार विजयी आवाजात म्हणाला.

“दहा मिनिटं थांबा.”

ती दहा मिनिटं मला जन्मभर पुरतील. ताई डुलायला लागली होती. माझं चुकलं असेल तर हातातला शेवटचा वेळ मी फुकट घालवत होते. सुपरवायझर बाई इंजेक्शनची पेटी छातीशी धरून उभ्या होत्या. भिंतीवरचा काटा सरकला. मी मान हलवली आणि इस्त्रीवाल्यानं बटण दाबलं.

पडद्यावर करंगळी उमटली. मग दुसरं बोट. रेष अंगठीपाशी थांबली आणि पुढे गेली. ताईचा अख्खा पंजा समोर आला.

ताई आपल्या हाताकडे बघायची, मग पडद्याकडे.

“हा तर माझा हात,” ती म्हणाली. “मी तर इथे बसलेय.”

“हो ताई. मेलेलं कोणी काही काढत नव्हतं. शेवटचं जे काढलं, ते यंत्र पुन्हा दाखवत होतं. चूक माझी आहे. मी लिहिलेली.”

“म्हणजे ते मला बोलवत नव्हते?”

“नाही.”

तेव्हा ती रडली. दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली असावी. रडता रडताच तिनं बाही वर केली आणि सुपरवायझर बाईंसमोर दंड धरला. तिथून आम्ही तिला थेट दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती उठून बसली.

सरकार केव्हा सटकला ते कोणी पाहिलं नाही. त्याला ड्रायव्हर कळत नव्हता, घड्याळ कळत नव्हतं. त्याला एवढंच कळलं होतं की बॉयलर लावला की रेष येते आणि माणसं भितात. तेवढं भांडवल त्याला पुरलं.

घाबरण्यात लाज नाही. मीही घाबरले होते. पण घाबरल्यावर कोणाच्या पाया पडण्याआधी विचारा, हे कधीपासून होतंय, त्याआधी काय बदललं, आणि तेच पुन्हा करून बघता येतं का. आणि कोणी औषध सोडायला सांगितलं, तर त्याला दारात उभं करू नका.

ड्रायव्हर मी दुरुस्त केला. त्यात एकच ओळ बदलावी लागली. आता बोर्डावर ताई बसते. कारखान्यानंच तिला बोलावलं. भावोजींच्या मुंढ्याचा कागद समोरच्या भिंतीवर लावलाय. संध्याकाळी सहाला ती यंत्र बंद करते. मी तिला सांगितलं, आता चालू राहिलं तरी काही होत नाही.

“असू दे,” ती म्हणाली. “ते रोज बंद करूनच घरी यायचे.”