बरोबरीची वाटणी

“या तिसऱ्या बशीत वाटणी नीट होतेय,” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न उचलता नाजिहा म्हणाली.

कोणत्या बशीतल्या पेशींना काय दिलंय, हे फक्त विभागप्रमुख प्रोफेसर शादलींनाच ठाऊक होतं. तिने नुसतं बघून ओळखायचं, ही अट त्यांचीच होती.

ट्युनिसच्या या प्रयोगशाळेत नाजिहा आली ती पंचेचाळिशीत. तीन मुली वाढवून झाल्यावर, अर्धवट सुटलेली डॉक्टरेट पुरी करायला. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन्ही बाजूंना सारखी जातात, त्यात एका आरएनएचा हात आहे, असं तिचं म्हणणं. त्या आरएनएपासून प्रथिन बनत नाही, म्हणून सगळे त्याला पेशीतला केरच समजत. सोबतची पोरं विचारत, “मावशी, केरात काही सापडलं का?” तीही हसे.

औषध घालून तिने तो आरएनए काढून टाकला, तर गुणसूत्रं खरोखरच मधेच रेंगाळली. शादलींना ते पटेना. औषधानेच पेशी बिघडल्या असतील, ते म्हणाले. आरएनए परत घाला, पेशी सुधारल्या तर मानतो, नाहीतर विषय सोडा. मग औषधाच्या तावडीत सापडणार नाही असा, किंचित बदललेला आरएनए बनवता बनवता ती मेटाकुटीला आली. नवरा मुंसिफ लब्लाबीचा, हरभऱ्याच्या गरम सुपाचा वाडगा पुढे सरकवत म्हणायचा, “आधी जेव. तुझ्या पेशी कुठे पळून जात नाहीत.”

आज तो निकाल समोर होता.

“पहिलीतल्या पेशी निरोगी,” ती सावकाश म्हणाली. “दुसरीत आरएनए नाही, गुणसूत्रं भरकटलीयत. तिसरीत वाटणी नीट होतेय, पण पहिलीपेक्षा जरा संथ, म्हणजे तिथे तो परत घातलाय.”

“खात्री आहे?”

“आहे.”

शादलींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तिन्ही बरोबर. मी हरलो, नाजिहाबाई. आणि मला फार बरं वाटतंय.”

पोरांनी एकच गलका केला. कुणी मिठाई आणायला धावलं, कुणी तिचे खांदे धरून हलवले. शादली उतावीळपणे स्टुलापाशी आले. एरवी ते आले की बसलेला माणूस आपोआप उठे.

नाजिहा उठली नाही.

“थांबा जरा, सर. मला अजून एकदा बघू द्या.”

तिने डोळे पुन्हा भिंगाला लावले. काळ्या अंधारात गुणसूत्रांच्या दोन उजळ ओळी एकमेकींपासून दूर सरकत होत्या, एकही मागे न राहता. तिच्या पाठीमागे विभागप्रमुख हात मागे बांधून, आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे राहिले.