शेवटचं पान गाळणारी ओळ

मी एक ओळ बोलतेय. कवितेची नाही हो, एवढं कुठलं माझं नशीब! काळ्या पडद्यावर टाइप करतात, त्या हुकमाची ओळ. नाशिकला सीबीएस एसटी स्टँडजवळ प्रतिभाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथल्या कॉम्प्युटरात माझा मुक्काम. आठ वर्षं झाली. थकले बाई आता.

मला लिहिलं सोमनाथनं, ताईंच्या धाकट्या भावानं. तो अंबडला कंपनीत कामाला. एका रविवारी दुकानात आला, तर ताई एकेक फाइल उघडतायत, तिची पीडीएफ करतायत, छापायला सोडतायत आणि गिऱ्हाइकं डोक्यावर उभी. "ताई, सरक जरा," म्हणाला आणि दोन तासांत मला जन्माला घातलं. तेव्हापासून ताई सगळ्या फायली एका फोल्डरात टाकतात, माझं नाव टाइप करतात, एंटर दाबतात. पुढची मरमर माझी. प्रत्येक फाइलची पीडीएफ करायची, ए-फोर कागदात बसवायची आणि प्रिंटरकडे धाडायची.

माणसांच्या तऱ्हा तरी किती! फाइलीचं नाव 'फायनल'. मग 'फायनल दोन'. मग 'नक्की फायनल'. दुपारपर्यंत 'आता हीच' येते, आणि तिच्यातही जन्मतारीख चुकलेलीच. बायोडेटात तर झाडून सगळे मनमिळाऊ.

त्यात मजकूर संपला तरी एंटर दाबत बसायची खोड. त्यानं शेवटी एक कोरं पान निघतं, फार तर त्यावर पानाचा आकडा. रोज ढीगभर कागद वाया जायचा. ताई वैतागल्या. मग सोमनाथनं माझ्यात एक अट घातली. शेवटच्या पानावर काहीच नसलं किंवा एकच ओळ दिसली, तर ते कोरंच समजायचं आणि गाळायचं. ताई खूश झाल्या. मीही मान डोलावली, विचारतंय कोण मला?

यंदा चैत्रात हरसूलकडच्या एका पाड्यावरचे गुरुजी आले. त्यांच्या गावचा बोहाडा होता. देवादिकांचे मुखवटे घालून नाचायचा उत्सव तो. कुठलं सोंग कुणी घ्यायचं याची यादी त्यांनी टाइप करून आणली होती. त्या गावात सोंग घराण्याकडे चालत येतं. बाप गेला की यादीत मुलाचं नाव चढतं. यादी देवळावर लागली की तीच खरी, नाव नसेल त्याचं सोंग गावकी दुसऱ्याला देते.

गुरुजींची एसटीची घाई, ताईंकडे ही गर्दी. यादी लांब कागदाच्या मापाची होती. मी ती ए-फोरमध्ये बसवली, तर एक ओळ दुसऱ्या पानावर सांडली. 'म्हैसासुर – भिकन मंगळू'. मी अट पाळली आणि पान गाळलं. गुरुजींनी न बघताच गठ्ठा पिशवीत कोंबला.

बोहाडा झाल्यावर चौथ्या दिवशी भिकनची आई कलाबाई दुकानात आली. हातात देवळावरून काढलेली यादी.

"बाई, हितं छापलं ना ह्ये? माझ्या भिकनचं नाव कुठंशी हाय?"

ताईंनी यादी दोनदा वाचली. "नाही मावशी."

"चाळीस वर्सं त्याच्या बापानं म्हैसासुर नाचवला. औंदा सोंग दुसऱ्याच्या घरी गेलं. गुरुजी म्हन्तात मी लिवलं व्हतं, गाव म्हन्तं नव्हतं. पोरगं चार दिस जेवलं नाय. म्हन्तं, आई, गावानं मला टाकलं."

ताईंनी मूळ फाइल उघडून ए-फोरमध्ये बसवून पाहिली. दुसरं पान, एकच ओळ. त्यांचा चेहराच उतरला. 'गुरुजींनीच लिहिलं नसेल' एवढं म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? मला कळलं असतं, पण मला कुठलं तोंड?

"मावशी, नाव होतं. माझ्या दुकानात गळलं. चूक आमची आहे."

मला वाटलं, आता म्हातारी शिव्याशाप देणार. दिले असते तर बरं वाटलं असतं.

"व्हतं? लिवलं व्हतं?" कलाबाई मटकन स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. "मंग गावानं टाकलं नाय त्याला!"

ताईंनी माझं नाव टाइपच केलं नाही. ते पान आपल्या हातानं छापलं. एवढ्या मोठ्या कागदावर वर एकटी ओळ. कलाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ताईंनी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आनिक एकदा वाच." मग तो कागद तिनं कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सोमनाथनं माझ्यातली अट काढली. आता कोरी पानं निघतात, ताई ती मुकाट्यानं बाजूला ठेवतात. मी राबतेच आहे. पण ताई, एक मागणं आहे, मला पुसून टाका आता. कामाला कंटाळले म्हणून नव्हे. एका पोराला चार दिवस उपाशी ठेवलं मी, आणि त्याची माफी मागायला मला तोंडच नाही.