रोलरच्या दांड्यातली चीर

हंबीरराव मिस्त्रींनी हातोड्याचा ठोका मारावा, कान लावावा आणि 'चालू द्या' म्हणावं, मगच कारखान्याची ऊस गाळायची मिल फिरायची. तीस वर्षं हेच. साहेब बदलले, चेअरमन बदलले, पण मिस्त्रींचा शब्द कुणी मोडला नाही. आणि आता, अठ्ठ्याण्णव सालचा गळीत हंगाम चार दिवसांवर आलेला असताना बिद्रीची एक पोरगी येते काय, आणि पहिल्याच रोलरच्या दांड्याला चीर आहे म्हणून सांगते काय!

संघप्रिया तिचं नाव. पुण्याच्या कंपनीनं तिला एक पेटीएवढं यंत्र देऊन तपासणीला धाडलेलं. दांड्याच्या टोकाला तेल लावायचं, त्यावर यंत्राच्या वायरीला जोडलेला बोटभर तुकडा टेकवायचा. त्यातून कानाला न ऐकू येणारा आवाज लोखंडात शिरतो, आणि वाटेत चीर असली की तिथूनच माघारी फिरतो. पडद्यावरची हिरवी रेघ उडी मारते.

"ऐकूच येत न्हाय त्येला आवाज कशाला म्हणायचं वो, पावणं?" हंबीरराव गुरकावले.

"काका, चीर आत्ता केसाएवढी आहे. पण दांडा ताण सोसून सोसून थकलाय, ती वाढणार. चालू मिलमध्ये मोडला तर शेजारचा माणूस वाचायचा नाही."

पोरगी जराही न चाचरता बोलली, हेच त्यांना जास्त झोंबलं. चीफ इंजिनिअर साहेब पुण्याला गेलेले, दोन दिवसांनी यायचे. तोवर जे काय ठरवायचं ते मिस्त्रींनीच. स्टोअरमध्ये जादा रोलर तयार होता, पण बदलायला तीन दिवस मोडणार. एवढं करून चीर निघाली नाही तर कारखानाभर शोभा. आणि निघाली तर तीस वर्षांच्या कानाची काय किंमत राहिली? दोन्हीकडून पंचाईत त्यांचीच होती.

"चल माझ्यासंगं," ते म्हणाले आणि तिला भंगाराच्या ढिगाकडे घेऊन गेले. तिथं एक जुना दांडा पडला होता. वीस वर्षांपूर्वी हंबीररावांनी तो उचलायच्या सोयीसाठी त्याला भोक पाडलं होतं, आणि साहेब ओरडतील म्हणून बुजवून, घासून गुळगुळीत केलं होतं. ही भानगड त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"ह्यात काय हाय सांग."

संघप्रियानं टोकाचा गंज घासला, तेल लावलं, तुकडा इकडून तिकडे फिरवला.

"चीर नाही काका. पण इथून दोन हातांवर कुणीतरी भोक पाडून बुजवलंय." मग त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सफाईनं बुजवलंय हां. कुणी?"

हंबीररावांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. चोरी पकडली गेली आणि माणूस नुसता खूश! हसता हसताच त्यांनी फिटरना हाक मारली आणि रोलर उतरवायला लावला.

दोन दिवसांनी दांडा बाहेर आला. बेअरिंगखाली झाकलेली जागा हंबीररावांनी रॉकेलनं धुतली, कोरडी पुसली, वर खडू चोळला आणि बसून राहिले. थोड्या वेळानं आतलं रॉकेल झिरपलं, आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली रेघ उमटली. तिनं सांगितलं होतं तिथंच.

तेवढ्यात पुण्याहून आलेले चीफ साहेब तिथं पोचले. त्यांनी रेघ बघितली आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या कानाला तोड नाही, हंबीरराव. मोठा अपघात टाळलात."

सगळे फिटर बघत होते. गप्प बसलं असतं तरी भागलं असतं. क्षणभर मोह झालाच, खोटं कशाला बोला?

"माझ्या कानाला काय बी ऐकू आलं न्हाय, साहेब," हंबीरराव शेवटच्या माणसापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी ठोका मारून पास केलता ह्यो दांडा. चीर धरली ती हिनं." मग ते संघप्रियाकडे वळले. "अजून अकरा रोलर हायत, पोरी. ते बी मीच पास केल्यात. चल, तेलाचा डबा मी धरतो."