फेट्याचा गुलाबी रंग

मी लक्ष्मणरावांचा रंगीत फोटो बोलतोय. फोटो म्हणवून घ्यायची आता लाजच वाटते, कारण माझ्यात लक्ष्मणराव कमी आणि डाग जास्त उरलेत. पण १९९८ साली माझा थाट बघायला हवा होता!

माझा जन्म आदिलाबादच्या एका कंप्युटरच्या दुकानातला. जैनथचे उद्धवराव वडलांचा, म्हणजे लक्ष्मणरावांचा, जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन आले होते. वडील जाऊन तीस वर्षं झालेली, म्हणून रंग सांगायला आई, जयवंताबाई, बसने सोबत आल्या. दुकानदार व्यंकटेशने फेट्यासाठी दाखवलेले चार गुलाबी त्यांनी नाकारले, पाचव्याला मान हलवली. मग प्रिंटरने शाईचे बारीक फवारे मारत मला कागदावर उतरवलं.

घरी माझं फार कौतुक झालं. जुना फोटो पेटीत गेला आणि मी भिंतीवर. शेजारीपाजारी बघायला येत, मीही फुशारून जाई. उन्हाने माझा रंग वर्षाच्या आतच उतरू लागला होता, पण ते मी कशाला सांगतो?

मग अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. त्या दिवशी पितरांचा मान. जयवंताबाई दर वर्षी फोटो चौकटीतून काढून ओल्या फडक्याने पुसत आणि कपाळाला गंध लावत. काचेवर लावलेला टिळा लक्ष्मणरावांना पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. जुन्या फोटोने हे तीस वर्षं सोसलं. मला एक फडकंही सोसलं नाही. फेटा विरघळून डोळ्यांत उतरला.

उद्धवराव तसेच दुकानात गेले, पण कंप्युटरमधून मी केव्हाच पुसला गेलो होतो. जुना फोटो आहे ना, असं सगळे समजावू लागले.

"चेहरा हाये त्या फोटूत," जयवंताबाई म्हणाल्या. "पन फेट्याचा रंग मायाशिवाय कोनाले ठाऊक? मी गेली त कोन सांगन?"

त्यांच्या मांडीवर मी पडलो होतो. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

नात चारुलताने मला उचलून पालथं केलं, बॉलपेन घेतलं आणि कोणता गुलाबी ते विचारलं. आजी सांगू लागल्या.

"पऱ्हाटीचं फूल पह्यल्या दिवशी पिवळं असते. दुसऱ्या दिवशी जसं होते न, तसा."

तिने ते जसंच्या तसं लिहिलं.

आता मीही पेटीत आहे, जुन्या फोटोच्या शेजारी. बाबांनो, मला टाकू नका. पुन्हा कधी रंग भरायचे झाले, तर माझं तोंड पाहू नका, पाठ वाचा. आणि दुकानात जायच्या आधी कपाशीच्या शेतात जा.