पाचर नसलेली कुऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुनी कुऱ्हाड आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपल्या कर्तबगारीचे सांगतात. मला तो हक्क उरलेला नाही. ज्या बाईने मला सोळा वर्षे तेल लावून सांभाळले, तिच्याच पायावर मी पडले. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे हिने आपल्यापासून लपवले असे तुम्हाला वाटायला नको. आमच्या घरात एक गोष्ट चौदा वर्षे लपून राहिली होती, आणि तेवढी लपवाछपवी मला पुरे झाली.

माझे लोखंड हातखंब्याच्या भंगारातले. महामार्गावर मोडलेल्या कुठल्याशा ट्रकच्या स्प्रिंगचा कमानपाटा तिथे पडून होता. पालीच्या एका लोहाराने तो आणला, भट्टीत लाल केला आणि ठोकून ठोकून मला आकार दिला. शेवटी धार तापवून तिला पाणी दिले. बाजाराच्या दिवशी त्याने माझ्याबरोबर आणखी चार कुऱ्हाडी मांडल्या होत्या. एक नवी लग्न झालेली मुलगी आली, प्रत्येकीला नखाने टिचकी मारून कान लावून ऐकत बसली आणि तिने मला उचलले. ती चिमा. लोहार हसला, म्हणाला, कुऱ्हाड बायकोसाठी की नवऱ्यासाठी? चिमा म्हणाली, "नवरा मुंबईला असतो. लाकडं मीच फोडणार." मला तेव्हाच ती आवडली.

चिमाचा नवरा रघू मुंबईत एका कारखान्यात पॅकिंग खात्यात होता. गणपतीला आणि शिमग्याला यायचा. बाकीचे वर्षभर घर, शेत, दोन म्हशी आणि मी, सगळे चिमाकडे. लाकूड कसे फोडावे हे तिच्याकडून शिकावे. ओंडका उभा करून ती आधी त्याचे डोके बघायची, वाळताना कुठे भेग गेली आहे ते शोधायची आणि नेमका तिथे घाव घालायची. गाठीवर ती कधी जोर काढत नसे. वाडीत लग्न असले की मोठ्या चुलाण्यासाठी तिलाच बोलावणे यायचे, आणि जेवणावळीत बायका म्हणायच्या की चिमाने फोडलेले लाकूड धूर करत नाही. ही स्तुती तिच्या हाताची होती. पण मी मनातल्या मनात निम्मी माझ्या नावावर करून घ्यायची. इतकी मी तेव्हा शेफारले होते.

सोळा वर्षांनी माझा दांडा मोडला. शिमगा तोंडावर होता, रघू आलेला होता. चिमा त्याला म्हणाली, जाण्याआधी तेवढा दांडा बसवून द्या, पावसाळ्याची लाकडे फोडायची आहेत. रघू म्हणाला, करतो. मग गावदेवाची पालखी आली, पालखीबरोबर तो गावभर नाचला, पाहुणे झाले, आणि दांडा राहून गेला. निघायच्या दिवशी दुपारी त्याला आठवण झाली. त्याने घरामागच्या परड्यातली ऐनाची ओली फांदी तोडली, घाईघाईने तासली आणि माझ्या भोकात ठोकली.

आता हे नीट ऐका, कारण सगळे याच्यावर आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याला वरच्या टोकावर करवतीने चीर पाडतात आणि दांडा भोकातून बाहेर आला की त्या चिरेत लाकडाची पाचर ठोकतात. पाचरीने टोक फुगते आणि पाते जागचे हलत नाही. रघूची करवत शेजारी गेली होती. संध्याकाळची मुंबईची गाडी पालीहून सुटणार होती. रघूने चीर पाडलीच नाही. त्याने मला दांड्यासकट पाण्याच्या बादलीत उलटी ठेवली आणि आंघोळीला गेला. लाकूड पाणी प्यायले, फुगले, आणि दोन तासांत मी त्या दांड्यावर गच्च बसले. मला वाटले, छान झाले. मीसुद्धा फसले, मित्रांनो. पाणी सुकते हे मला, पाण्यातच धार मिळालेल्या कुऱ्हाडीला, ठाऊक असायला हवे होते.

निघताना चिमाने मला हातात घेऊन हिसका दिला. तिने विचारले, "पाचर मारलाव ना?"

रघू पिशवीची चेन लावत होता. "मारलंय. खैराची मारलंय," तो म्हणाला.

दांड्याचे टोक ओले आणि बादलीतल्या मातीच्या गाळाने माखलेले होते. चिमाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

वैशाखात, दुपारच्या उन्हात, अंगणात, चिमा फणसाचा ओंडका फोडत होती. महिनाभर मी रोज थोडी थोडी सैल होत होते. सांगायला तोंड कुठले? तिने मला डोक्यावर उचलले आणि मी दांड्यावरून निसटले. मला ते उडणे आठवते. वर आकाश होते, खाली तिचा डावा पाय होता. ज्या धारेला ती दर अमावस्येला खोबरेल लावायची, तीच धार तिच्या पावलात गेली.

तिची तेरा वर्षांची मुलगी अक्षया धावत आली, तिने टॉवेल बांधला, कोणीतरी रिक्षा आणली, रत्नागिरीच्या दवाखान्यात पायाला टाके पडले. जखम भरली, पण दोन बोटे कायमची वाकडी राहिली आणि चिमा लंगडू लागली. रघू मुंबईहून दुसऱ्या दिवशी आला. दवाखान्यात काय झाले ते मी मागाहून अंगणातल्या बोलण्यातून ऐकले. खाटेभोवती वाडीतली माणसे होती. कोणी विचारले, कुऱ्हाड सुटली कशी? चिमाच म्हणाली, "माजाच लक्ष नव्हता. चार दिवस हाताला ढिली लागत व्हती. बगायला हवा व्हता मी."

रघूने हे ऐकले. तो काही बोलला नाही.

त्याने घरी येऊन मला उचलले आणि गोठ्यामागच्या जांभ्या दगडांच्या ढिगात फेकून दिले. माझ्यावर त्याचा राग होता असा वाडीने समज करून घेतला. मला ठाऊक होते की त्याला मी नजरेसमोर नको होते.

तिथे चौदा पावसाळे गेले. मी आधी तांबूस झाले, मग तपकिरी, मग माझ्या अंगाचे पापुद्रे सुटू लागले. गंज खातो म्हणतात ते खरे आहे, तो हळूहळू आणि सगळीकडून खातो. पण खरे सांगू, मला गंजाचे वाईट वाटत नव्हते. मला वाटायचे, हेच योग्य आहे. वाईट वाटायचे ते दगडांच्या फटीतून जे कानावर यायचे त्याचे. वाडीत बोलले जाऊ लागले की चिमाच्या हातात धारेचे काही देऊ नये. आधी लोक काळजीने म्हणाले, मग सवयीने म्हणाले, मग चेष्टेने. लग्नाच्या चुलाण्याची बोलावणी बंद झाली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते पटले. नारळ सोलायचा झाला तर ती कुंपणापलीकडच्या राजश्रीला हाक मारायची. आंब्याची फांदी छाटायची तरी मजुराची वाट बघायची. जिचा घाव कधी भेग सोडून पडला नव्हता ती बाई कोयतीसुद्धा दोन हातांनी, घाबरत धरू लागली. आणि खरे काय ते मला ठाऊक होते, पण मी लोखंड. मला लाज वाटायची की मी तिला कापले, आणि त्याहून जास्त लाज वाटायची की मला गप्प राहता येत होते.

माझा दांडा मात्र घरात राहिला. चिमा पाय बरा होईपर्यंत त्याच्याच आधाराने चालली, लांबीला थोडा अपुरा होता तरी. नंतर तो दाराशी उभा राहिला, कोंबड्या हाकायला. त्याच्या टोकावर चीर नाही, पाचर नाही, हे चौदा वर्षे तिच्या मुठीखाली होते आणि कोणी बघितले नाही.

गेल्या माघात अक्षयाने तो ढीग उपसला. ती आता हातखंब्याजवळच्या एका रोपवाटिकेत नोकरी करते. तिला गोठ्यामागे रोपांसाठी जागा हवी होती. मी हाती लागले तेव्हा तिने मला ओळखले आणि पदराने पुसावे तसे ओढणीने पुसले. चिमा ओसरीवर होती. म्हणाली, "ठेव तितंच. मना नको ती डोळ्यासमोर." मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा दगडांखाली जावेसे वाटले.

पण अक्षया हट्टी. तिने मोबाइलवर गंज काढायचे प्रकार बघितले आणि बाजारातून व्हिनेगर आणते म्हणाली. दोन दिवस चिमा तिकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच आगळाची बरणी आणून ठेवली. "गंज काढायचा तर कोकमाचा आगळ घे. इकत कशाला आणतेस?" एवढेच म्हणाली आणि आत गेली. तिने माझ्याकडे बघितले नव्हते, पण बरणी तिच्या हाताची होती.

मी दोन दिवस त्या लाल आंबट आगळात पडून राहिले. अंगावरून काळा फेस निघत होता. मग अक्षयाने नारळाच्या काथ्याने आणि राखेने मला घासले, पुन्हा बुडवले, पुन्हा घासले. खालून मी निघाले खरी, पण देवीच्या व्रणांसारखे खड्डे अंगभर राहिले. ते आता जायचे नाहीत. रघू कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षांपूर्वी गावी आला होता. तो हे सगळे लांबून बघायचा आणि काही ना काही काम काढून उठून जायचा.

धार लावायला आणि नवा दांडा बसवायला अक्षया मला पालीला मुसाचाचांकडे घेऊन निघाली. मापासाठी जुना दांडा बरोबर घेतला, आणि स्कूटरवर मला धरून बसायला वडिलांना घेतले. मुसाचाचा पूर्वी दुबईत जहाजांच्या गोदीवर फिटर होते, आता बाजारात हत्यारांची दुरुस्ती करतात. त्यांनी मला हातावर तोलले. "लोखंड चांगलं आहे," म्हणाले. "ग्राइंडर नाही लावायचा हिला, तापली तर पाणी उतरेल, धार मऊ पडेल. कानशीने हळूहळू काढू." मग त्यांनी माप घ्यायला जुना दांडा उचलला, टोकावर अंगठा फिरवला आणि चष्मा वर केला.

"याला चीर कुठाय? पाचर मारलेलीच नाही याला. कोणी बसवलेला हा?"

अक्षया म्हणाली, "चाचा, पाचर होती. खैराची. आई सांगते ना."

"बेटा, चिरेशिवाय पाचर जाईल कुठं?" त्यांनी दांडा तिच्यासमोर धरला. अक्षयाने टोक बघितले. मग तिने वडिलांकडे बघितले.

रघू बाकावरून उठला. "मी बसवलेला," तो म्हणाला. "पाण्यात ठेवलेला निस्ता. गाडीची घाई व्हती."

मुसाचाचांनी कानस उचलली आणि ते कामाला लागले. दोन तास त्यांनी मला घासले, निसण्याच्या दगडावर फिरवले, सुकलेल्या ऐनाचा दांडा बसवला, चीर पाडली आणि पाचर ठोकली. ठोकताना एकदाच म्हणाले, "रघूभाऊ, ही आता सुटायची नाही." रघूने मान हलवली.

घराच्या वळणावर अक्षयाने स्कूटर थांबवली. "बाबा, मी नाय सांगणार तिला. तुमीच सांगा," म्हणाली आणि मला त्याच्या हातात दिले.

रघू मला घेऊन अंगणात गेला. चिमा सुपात तांदूळ निवडत होती. त्याने मला तिच्यासमोर जमिनीवर ठेवले, आणि जुना दांडा बाजूला ठेवला. त्याला बसवेना. उभ्या उभ्याच त्याने सांगितले: पाचर मारली नव्हती, मारली असे खोटे बोललो, आणि दवाखान्यात तू स्वतःवर घेतलेस तेव्हा मला बरे वाटले. हे शेवटचे त्याने दांड्याकडे बघत सांगितले. मी लोखंड असूनही मला त्याच्याकडे बघवले नाही.

चिमाने सूप खाली ठेवले. जुना दांडा उचलून त्याचे टोक तिने नखाने खरवडले, चौदा वर्षांची माती काढली आणि लाकडाचे कोरे तोंड बघितले.

"तवाच बोलला असताव," ती म्हणाली, "तर माजा पाय तेवडा गेला असता. हात तरी रवले असते."

रघू रडू लागला. तिने त्याची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मना सांगितलाव. आता वाडीत सांगा."

वाडीत अकरा घरे. रघू तो दांडा घेऊन एकेका घरी गेला. कोणी म्हणाले, जाऊ दे, जुनी गोष्ट. कोणी हसले. एका म्हाताऱ्याने त्याला ओट्यावर बसूही दिले नाही. अकराव्या घरून तो परतला तेव्हा दिवे लागले होते, आणि चिमाने त्याचे ताट वाढून ठेवले होते. ती त्याच्याशी पाच दिवस बोलली नाही. त्या पाच दिवसांत तिने मलाही हात लावला नाही.

मित्रांनो, तुम्हाला एक विनवणी करते. हत्यार वापरून झाले की पुसा, तेलाचा हात लावा, कोरड्या जागी ठेवा, हे तर कराच. पण कुणासाठी काही दुरुस्त केलेत आणि ते कच्चे राहिले, तर ते कच्चे आहे एवढे त्या माणसाला सांगा. ओरडा बसेल, तो सोसा. सांगायचे राहून गेले असेल तर आज सांगा. माझ्यासारखीला सांगता येत नाही, तुम्हाला येते.

सहाव्या दिवशी सकाळी राजश्री कुंपणापाशी आली. तिच्या दारात पडलेल्या फणसाचा ओंडका होता, दोन गडी फोडून थकले होते. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "काकी, येतेस काय? तुज्याशिवाय नाय फुटायचा तो." चिमाने पदर खोचला, मला उचलले, टोकावरची पाचर अंगठ्याने दाबून बघितली आणि निघाली. डावा पाय मागे ओढत होता. राजश्रीच्या अंगणात तिने ओंडक्याभोवती एक फेरी मारली, त्याची भेग शोधली, आणि मला एका हाताने खांद्यावर घेतले.