पोटरीतल्या झडपेचं म्हणणं

मी एक झडप बोलतेय. दाराखिडकीची नव्हे, माणसाच्या उजव्या पोटरीतल्या शिरेची. दोन पातळ पाकळ्या, एवढाच माझा संसार. माझा मालक सलून चालवतो. मी आहे हेही त्याच्या गावी नाही.

कौतुक सगळं हृदयाचं होतं. होऊ द्या, मी जळत नाही. प्राणवायू संपलेलं रक्त ते उजव्या बाजूने फुफ्फुसांकडे पाठवतं आणि ताजं होऊन आलेलं डाव्या बाजूने अंगभर ढकलतं. पण पायाच्या बोटांपर्यंत पोचता पोचता त्या धक्क्याचा जोर ओसरतो. मग ते परत वर कोण नेणार? माणूस चालला की पोटरीचा स्नायू आवळतो, शीर दाबली जाते आणि रक्त वर चढतं. ते माझ्यातून गेलं की मी पाकळ्या मिटते. वर गेलेलं खाली येऊ द्यायचं नाही, हे माझं काम. मालकाच्या जन्मापासून करतेय, एक रजा नाही.

पूर्वी सलूनमध्ये साधी लाकडी खुर्ची होती. गिऱ्हाईक बसायचं आणि मालक कात्री चालवत त्याच्याभोवती फिरायचा. आमची चंगळ होती. मग लेकीने पहिल्या पगारातून गोल फिरणारी खुर्ची आणली.

"बाबा, आता तुम्ही नका फिरू. गिऱ्हाईक फिरवा!"

केवढी माया! पण मालक दिवसभर खांबासारखा उभा राहू लागला. पोटरी गप्प. रक्त साचलं, शीर ताणली गेली आणि माझ्या वरच्या शेजारणीच्या पाकळ्या एकमेकींना पुरेनात. ती कायमची कामातून गेली. तिचा भार माझ्यावर आला. मीही गेले तर तो थेट घोट्यावर. तिथली कातडी काळवंडेल, जखम होईल, आणि उभं राहून पोट भरणाऱ्याने मग करायचं काय?

अंगात दम नाही म्हणून मालक डॉक्टरीणबाईंकडे गेला खरा. शर्टाची बटणं काढली, पँट काही वर केली नाही.

"हृदय ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. स्वारी खुशीत घरी. असा राग आला म्हणता मला!

शेवटी बायकोच्या लक्षात आलं. "अहो, सकाळी बसणारी चप्पल संध्याकाळी का बसत नाही?"

"जुनी झालीय."

"जुनी झाली की सैल होते, घट्ट नाही. चला, पाय दाखवा त्यांना."

या वेळी डॉक्टरीणबाईंनी पोटरी दाबून पाहिली, कामाचं विचारलं. "एका जागी उभे राहू नका. गेलेली झडप परत येत नाही, उरलेल्या सांभाळा." घालायला घट्ट मोजे दिले.

लेकीचा चेहरा उतरला. "माझ्या खुर्चीनेच घात केला."

"वेडी आहेस का? खुर्ची झकास आहे. फिरायचं तेवढं मी फिरतो," मालक म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने कळ दाबून खुर्ची जागच्या जागी पक्की केली.

तेव्हापासून तग धरून आहे. दोघींचं काम एकटी ओढते, थकते. आत्ताच बघा ना, गिऱ्हाइकाने राजकारणाचा विषय काढलाय आणि मालक कात्री हवेत धरून, सगळा भार माझ्या पायावर टाकून ऐकत उभा आहे. अरे बाबा, हव्या तेवढ्या गप्पा मार. पण त्याची डावी बाजू कापायची राहिलीय. जा ना तिकडे.