पहिलं पातं

जयवंताबाईनं उपटलेल्या भाताच्या रोपांची मूठ पायावर आपटून मुळांचा चिखल झटकला आणि मागच्या पडवीत बसलेल्या सुनेकडे न बघताच म्हणाली,

“जावळ झाल्याबिगर पोराच्या अंगाला पातं लागायचं नाय. शब्द दिलाय मी एकविरेला.”

माधवीच्या मांडीवर ऋतिक धापा टाकत झोपला होता. ओठ जांभळट. साडेपाच महिन्यांचा जीव, हृदयात जन्मापासूनचा दोष. मंगळवारी मुंबईला ऑपरेशनसाठी दाखल करायचं ठरलेलं, आणि जावळ सातव्या महिन्यात, मामाच्या मांडीवर. पोर पहिल्यांदा निळं पडलं तेव्हा नवस बोलली होती ती जयवंताच. देवीला दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे काय पोरखेळ आहे?

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंत ना, आई?”

“सांग परत.”

“एवढ्या लहानपणी हृदयाचा स्नायू नव्यानं वाढतो म्हणे. सहा महिन्यांच्या आत दुरुस्त केलं तर तो भरून यायची आशा जास्त. पुढे नवा फारसा येत नाही, आहे तोच जाड होतो आणि थकतो. छातीठोक कुणी सांगत नाही अजून. पण थांबू नका म्हणाल्या.”

जयवंतानं वाफ्याच्या टोकाचं उंच वाढलेलं रोप उपटलं आणि म्हशीपुढं टाकलं.

“ते नाही लावायचं?”

“जून झालंय. लावलं तर उभं राहील गं, पण फुटवा नाय यायचा. ज्या त्या टायमाला लावलं तरच…”

बोलता बोलता तिची नजर पोराकडे गेली. चाळीस वर्षं साऱ्या पोशीर गावाला हेच सांगत आली होती ती. तिला स्वतःचाच राग आला.

तिनं हात धुतले, घरात गेली आणि नवऱ्याच्या, आबाजींच्या, दाढीच्या सामानातलं कोरं ब्लेड घेऊन आली. माधवीनं पोराला छातीशी ओढलं.

“घाबरू नको. धर नीट त्याला.”

ऋतिकच्या कानामागची एक बट तिनं अलगद कापली, ब्लेडच्याच कागदात गुंडाळली आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

“आई, नवस…”

“मीच बोलले, मीच मोडला. पहिलं पातं माझं लागलं. देवीला रागवायचं तर माझ्यावर रागवंल.”

पदराची गाठ तिनं पुन्हा एकदा ओढून बघितली. मग पोराचं गार पाऊल तळहातात धरून ती उंबऱ्यावर बसली.

“मंगळवारी कितीला निघायचं?” तिनं विचारलं.